शिवऱ्याची झडप

भोरच्या टेलिफोन एक्स्चेंजात बोर्डावरची शिवऱ्याच्या लाइनीची पत्र्याची झडप खटकन पडली. मानसिंग ऑपरेटरनं घाईघाईनं रिसीव्हर कानाला लावला. "नंबर सांगा!" पलीकडं कुणीच नाही. झडप पडली म्हणजे तिकडं कुणीतरी फोन उचलला असणार. पण शिवऱ्यातला एकुलता एक फोन चावडीच्या टेबलावर गप पडून होता. आजची ही एकविसावी वेळ.

सुपरवायझर साहेब पार कावले होते. "त्या सोपान लाइनमनचं काम कच्चं, वाऱ्यानं तारा एकमेकींना लागून झडप पडतेय, दुसरं काय! संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर तार गुंडाळून आणायची. आणि त्याची रोजंदारीही बंद."

झडप परत पडली. या वेळी मात्र खुद्द सोपान लाइनमनच होता. शिवऱ्याच्या अलीकडं खांबावर चढून त्यानं तारेला तपासणीचा फोन जोडला होता. मानसिंगनं हळूच त्याला साहेबांचा हुकूम सांगितला. ते खांब सोपाननं स्वतः रोवले होते.

"मानसिंगराव, किती किती वेळानं पडतीय?"

"घड्याळ लावून बसलोय. चार मिनिटांनी. परत चार मिनिटांनी. आन काल बारा ते एक, एकदाबी न्हाई."

सोपान खांबावरच ओरडला, "आवं, मग वारा न्हवं ह्यो! वारा काय भाकरी खायाला बसतोय व्हय? माणूस हाय मानसिंगराव, माणूस!"

त्यानं सायकल हाणली ती मान वर करूनच. दोनदा बांधावरून पडता पडता वाचला. सातव्या खांबापाशी करकचून ब्रेक दाबला.

खांबाला काथ्याची दोरी बांधलेली, दोरीला तेलाचे रिकामे डबे. दोरी ज्वारीवरून थेट माळ्यावर गेलेली, आणि माळ्यावर राखणीला बसलेली ठकुबाई ओव्या म्हणत होती. तिनं दोरीला हिसका दिला. डबे खणखणले, पाखरं भुर्रकन उडाली, खांब हलला आणि वरच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या.

"घावलं!" सोपाननं टोपी हवेत उडवली. "मावशे, किती येळानं वढतीस गं?"

"धा ओव्या झाल्या की एक हिसका. मधी भाकरीपुरतं सून बसती, ती नुसतीच वरडती. का रं?"

"आगं, सरकारची तार हाय ती!"

"आसंल की. पर रिकामीच हाय न्हवं? चार वर्सांत कुणी बोललंय तिच्यावर?"

सोपानला हसू आवरेना. तो सरसर खांबावर चढला, पट्ट्यानं स्वतःला बांधून घेतलं, फोन जोडला. "मानसिंगराव, साहेबांना बोर्डापाशी बोलवा. आता मी फोन काढतो. लागोपाठ तीनदा झडप पडंल. बगा!" फोन काढून तो खाली ओरडला, "मावशे, वढ! आता थांब. वढ! आन आणिक एकदा!"

परत फोन जोडला तर मानसिंग नाचायचा बाकी होता. "तीनदा पडली रं! साहेबांनी सोता बघितली!"

"मावशे, आता दोरी सोडाय लागंल," सोपान म्हणाला.

ठकुबाई माळ्यावरून उतरून खांबाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. "कणसं भरल्यात लेका. पाखरांनी खाल्ली तर वरीसभर खायाचं काय आमी?" तिनं गाठ सोडली आणि दोरीचं टोक वर त्याच्याकडं फेकलं. "खांब नगं ना? मग तूच धर. मी रोवाय एखादा वासा घिऊन येते."

ती वस्तीकडं पळाली. सोपान एका हातात दोरी, एका हातात फोन घेऊन खांबावर लटकलेला.

"सोपान, मी बोलतोय," फोनवर साहेबांचा आवाज आला. "तार राहू दे. आणि तुझ्या नोकरीचं म्हणशील तर..."

याच बोलण्यासाठी सोपान सकाळपासून ऊर फुटेस्तोवर पळत होता.

खाली ज्वारीवर थवा उतरला.

"साहेब, जरा थांबा," तो म्हणाला, "पाखरं बसली!"