फ्लेअर, मामा आणि अंतरपाट

बहिणीच्या लग्नात निनादने लेन्समधला फ्लेअर साफ घालवला. हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.

बहिणीला एकच फोटो हवा होता, अंतरपाट दूर होताच दोघं एकमेकांकडे बघतात तो. "बाहेरचा फोटोग्राफर कशाला?" म्हणत निनादने डिजिटल कॅमेऱ्याला बापापेक्षा जुनी लेन्स लावली होती. आता मंगलाष्टकं संपत आली होती, समोरचं ऊन थेट काचेत शिरत होतं आणि नवरदेवाच्या तोंडावर फ्लेअरचा हिरवा गोळा उमटत होता. त्याने काच पुसली, फिल्टर काढला, पुठ्ठ्याचं नळकांडं लावलं. गोळा जांभळा झाला.

"गुरुजी, दोघांना जरा फिरवता?"

"दिशा शास्त्राने ठरवलीय, तुझ्या काचेने नाही. सावधान!"

शेवटी तो नवरीमागे उभ्या असलेल्या धिप्पाड मामांवर ओरडला, "मामा, ऊन अडवा!" मामा तत्परतेने लेन्ससमोर येऊन उन्हाला सामोरे गेले. तेवढ्यात अंतरपाट सरकला.

फोटोत गोळा नव्हता. मामांची पाठ मात्र शिवणीसकट स्पष्ट आली होती.

"दादा, यात मी कुठंय?"

निनादने तिथंच अर्ज लिहिला: "तांत्रिक कारणास्तव सकाळचा विवाह रद्द समजून वधूवरांनी संध्याकाळी गोरज मुहूर्तावर एकमेकांना पुन्हा पहिल्यांदाच पाहावे, ही नम्र विनंती."