दोघांपुरतं टेबल

म्युझियमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं आणलेली व्हीलचेअर परत करून दोघं बाहेर आले. दुकानदारानं चाकं फिरवून पाहिली होती, नीट वापरलीत म्हणाला होता, आणि घडी करून ती इतर खुर्च्यांच्या रांगेत लावून टाकली होती. बायको दुकानाच्या दाराशी जरा घुटमळली. तिच्या सासूला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं होतं आणि नवऱ्याच्या पोटात कावळे ओरडत होते. इकडेच कुठंतरी खाऊन जाऊ, असं त्यानं सुचवलं. तिनं सांगितलं, की घरी सकाळचं सगळं झाकून ठेवलंय, गेल्या गेल्या गरम करते, उशीर नको.

"उशीर कसला?" तो म्हणाला. "घरी कोण वाट बघतंय?"

सहज बोलून गेला, आणि मग दोघंही फुटपाथच्या कडेला थबकले. शेवटी तिनंच पर्स खांद्यावर अडकवली आणि चला म्हणाली.

तो बसड्रायव्हर. म्युझियमचा थांबा त्याच्या रोजच्या रूटवरचा, त्यामुळे इथल्या हॉटेलांच्या पाट्या त्याला तोंडपाठ होत्या. आत काय मिळतं ते मात्र ठाऊक नव्हतं. तिनं त्यावरून चिडवलंही. तो म्हणाला, इथं बस थांबते, ड्रायव्हर थांबत नाही.

पहिल्या हॉटेलाच्या बाहेर काचेमागे दरपत्रक लावलेलं होतं. दोघांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि इमारतीचा रंग किती छान आहे असं बोलत पुढं सरकले. दुसऱ्या ठिकाणी कॉलेजची पोरं उभ्यानंच खात होती आणि गाणी अशी ढणढणत होती की ऑर्डरसुद्धा खुणेनं द्यावी लागली असती. तिसऱ्याला कुलूप. तो ओशाळला. घरी जाऊ या, असं तिनं पुन्हा म्हणायच्या आत तो म्युझियमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेला.

पहारेकऱ्यानं आधी विचारलं, किती जण. दोघंच, त्यानं सांगितलं. पहारेकऱ्यानं त्याच्या मागं उभ्या असलेल्या तिच्याकडे एकवार पाहिलं आणि मग मनापासून रस्ता समजावला. समोर जाऊ नका, बाहेरगावचा माणूस दिसला की मुंडतात. डावीकडे चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर जा. फार महाग नाही, अगदीच स्वस्तातलंही नाही. जोडप्यांना बरं आहे.

जिना चढताना तिला हसू फुटलं. जोडपं म्हणजे आपण का, असं तिनं विचारलं. दुसरं कोणी जिन्यावर दिसत नाही, तो म्हणाला.

वर लहानशी खोली होती. भिंतीकडेनं दोघादोघांची टेबलं, बहुतेकांवर तरुण मुलं-मुली डोक्याला डोकं लावून बसलेली. एका वयस्क वेटरनं त्यांना खिडकीजवळ जागा दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. फोन काढून पाहिला, टेबलावर ठेवला, परत पाहिला. मग हळूच म्हणाली, की वन्संना कळलं तर म्हणतील, एवढ्यातच हॉटेलं सुचायला लागली. बहिणीला काय सांगायचं ते आपण सांगू, असं म्हणून त्यानं फोन पालथा घातला.

तिनं भाजलेला मासा आणि भात मागवला. त्यानं चमकून वर पाहिलं. घरात मासा शिजून कितीतरी वर्षं झाली होती; आईला वासानंच उमासे यायचे. त्याआधी ही आवडीनं खायची का, ते त्याला आठवेना, आणि विचारायची लाज वाटली. त्यानं स्वतःसाठी ऑम्लेट आणि पाव सांगितला.

मग बोलायला काही सापडेना. औषधाची वेळ, कूस बदलणं, डॉक्टरांचा फोन, याच गोष्टी इतके दिवस बोलायच्या असत. तो खिडकीतून म्युझियमच्या पायऱ्यांकडे बघत बसला. ती त्याच्याकडे बघत होती.

"तुमच्या भुवया पिकल्यात," ती म्हणाली.

त्यानं भुवईवरून बोट फिरवलं आणि कधीपासून, असं विचारलं. तिला आत्ताच दिसल्या होत्या.

तेवढ्यात वेटर मासा घेऊन आला. पाव यायचाय, ऑम्लेटला थोडा वेळ लागेल म्हणाला आणि वाफाळती प्लेट तिच्यापुढं ठेवून गेला. नवऱ्यानं खुर्ची मागं सरकवली आणि तो उठला.

"तू जेवून घे," तो म्हणाला. "मी आत बसतो."

आत फक्त स्वयंपाकघर होतं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. आई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या घरात दोन ताटं एकदम वाढली गेली नव्हती. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं आतल्या खोलीत आईच्या उशाशी बसायचं, मग अदलाबदल. आधी बायकोनं जेवायचं, हा त्याचा हट्ट. शेजारच्या टेबलावरची मुलगी मान वळवून त्याच्याकडे पाहायला लागली.

"बसा," बायको म्हणाली. "इथंच बसा."

तो बसला. पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बराच वेळ पीत राहिला. तिनं प्लेट टेबलाच्या मधोमध सरकवली आणि हात मांडीवर घेतले. माशावरची वाफ विरत चालली. येता-जाता वेटरच्या ते लक्षात आलं.

"घ्या ना ताई, गार होतंय."

"होऊ दे," ती म्हणाली. "यांचं येऊ दे आधी."