दोन टिंबं

मानवजातीच्या इतिहासातलं नवं पर्व संज्योतच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू होणार होतं. फक्त ते तिसऱ्या ओळीत अडकलं होतं. वीस वर्षं छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करून सेहेचाळिसाव्या वर्षी ती प्रोग्रामिंग शिकली होती. आज हा प्रोग्राम चालवून कंपनीला पाठवला, तर नोकरी पक्की.

"ओळीअखेरची दोन टिंबं राहिली असतील," नवरा म्हणाला.

"दिलीत हो! ही काय!"

त्याने चष्मा वर केला. "अगं, ही जरा गुबगुबीत दिसतायत."

तिने कपाळावर हात मारला. सवयीने बोटांनी मराठी विसर्ग टाइप केला होता! कॉम्प्युटरला ‘दुःखा’तली टिंबं कशी चालणार? तिने इंग्रजी कोलनची टिंबं दिली आणि प्रोग्राम पळाला. संध्याकाळी कंपनीचा फोन आला, "सोमवारपासून या." दोघांनी ओट्यापाशी फुगडी घातली.

सासूबाई गवार घेऊन आल्या. "झालीस ना इंजिनीअर? मग टेबल तेवढं मोकळं कर."