चुकांची वही

शिवणखात्याच्या मोठ्या बाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. माणसांशी बोलायचं कसं हे शिकवायला कंपनीने त्यांना सहा महिने कोच लावला. आज त्याचा फायदा मोजायला ऑफिसातले साहेब खात्यात येऊन तिथल्या शिवणाच्या चुकांची वही उघडून बसले.

“बाई, आधी महिन्याला चार चुका, आता एकतीस! सगळा खर्च पाण्यात गेला की हो.”

बाईंचा चेहरा पडला. एवढी जीभ आवरली, त्याचं हे फळ?

काजं करणाऱ्या मावशींनी मशीन थांबवलं. “चुका तेवढ्याच आहेत, साहेब. आधी बिघडलेला कपडा आम्ही पिशवीत लपवून घरी न्यायचो आणि उसवून पुन्हा शिवायचो.”

“अहो मावशी,” बाई त्यांच्याकडे वळल्या, “मला कधी सांगितलं का नाहीत?”

मावशी हसल्या. “आता सांगतेय की.”