प्रात्यक्षिक

हिंगोलीच्या मंगल कार्यालयात दोन दिवसांचं अखिल भारतीय कराटे संमेलन भरलं होतं. अखिल भारत मात्र वाशिमपासून नांदेडपर्यंतच आला होता. महिला स्वसंरक्षणाच्या प्रात्यक्षिकाला एकही बाई पुढं येईना, म्हणून संमेलन भरवणाऱ्या देविदास सरांनी स्वयंपाकाकडं बघणाऱ्या आपल्या बायकोलाच स्टेजवर बोलावलं. निलम पिठाच्या हातानंच चढली.

"भिऊ नको, नुसता हात उगारतो," सर माईकवर म्हणाले.

हात उठायच्या आतच निलमची मान खाली गेली, एक कोपर कपाळावर आला, दुसरा पोटाशी.

पाहुणे परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "असा बचाव दोन दिवसांत कुणालाच जमला नाही. ताई, किती वर्षांचा सराव?"

निलमनं पदर सावरला.



"येत्या वैशाखात बारा वरसं व्हतेत सर, लग्नाला."