गुडघ्याचं पाणी

सारजाबाईचा ऑपरेशन करून बसवलेला गुडघा सुजला होता. तिचे यजमान राधाकिशनराव ऑटो बघायला बाहेर गेले, तेवढ्यात परभणीच्या डॉक्टरांनी तिला बजावलं, "आजी, जंतू मारायच्या जुन्या गोळ्या पंधरा दिवस बंद. मग गुडघ्यातलं पाणी काढून जंतू शोधू. तो सापडला तर नेमकं औषध देता येईल, नाहीतर गुडघा पुन्हा उघडावा लागेल."

पाणी दोनदा काढलं, जंतू काही सापडेना. डॉक्टर वैतागले. "पोटात गोळी असली की जंतू दडून बसतो, आजी. खरं सांगा, चोरून घेता ना?"

सारजाबाई उसळली. "देवाशपथ न्हाई! जलमभर गोळीला तोंड फिरवलं म्हणून सगळे बोलले. आता पहिल्यांदा डॉक्टरचं ऐकलं, तर तुमी चोर म्हणायलाव? इचारा आमच्या मालकाला. रोज सकाळी त्यांच्या हातचा गूळ-भाकरीचा मलिदा खायलेय, दुसरं काय बी न्हाई."

डॉक्टरांनी राधाकिशनरावांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हळूच डोकं खाजवलं.



"साहेब, आमचा बैल बी गोळी खात न्हाई. त्याला बी मलिद्यातूनच द्यावी लागती."