टिचकी

ओवी दीड तास झोपली होती, आणि तेच संचिताला बरं दिसत नव्हतं.

एरवी ही पोरगी झोपत नाही. गेले एकेचाळीस दिवस वीस मिनिटं झोप आणि तासभर रडं, हा तिचा खाक्या. पण मालिशवाली बायजा तेल रगडून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, ओव्याची धुरी देऊन गेली, की मात्र अशी गाढ. टिटवाळ्यातल्या त्या अर्ध्या रिकाम्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर तेवढीच काय ती शांतता. "आता दोन तास काय उठत नाय," बायजा रोज जाताना म्हणायची. "तू पन पड जरा." आणि शहाडच्या बाळंतिणीकडे पळायची.

संचिता पडली होती. पहाटे तीनपासूनची जागी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. पाठ टेकली की झोपायचंच, असं सकाळी दात घासतानाच तिने स्वतःला बजावलं होतं. पाठ टेकली, झोप लागली नाही. कुशीवर वळून ती ओवीच्या पोटाकडे बघत राहिली. दुपट्याखाली पोट हललं. परत हललं. मग जरा जास्तच वेळ गेला का?

माझ्याजवळ वीस मिनिटं आणि हिच्या हातून दोन तास? करते काय ही बाई?

ती अनवाणीच स्वयंपाकघरात गेली. गुटीची सहाण धुऊन उभी करून ठेवलेली. तिने ती नाकाशी नेली. जायफळाचा वास. आज तिने बायजाच्या हातावर नजर ठेवली होती; जायफळाचा एकच वेढा दिला होता. पण मध्ये टॉवेल आणायला ती स्वतःच उठून गेली होती. तेवढ्यात?

"काय हुंगतेस?" खाली बसून मेथी निवडणाऱ्या सासूबाईंनी, शालनताईंनी विचारलं. "पड ना गं. बाळ झोपलं की आईने झोपावं."

हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेजारणीने सांगितलं होतं, नवऱ्याने, मयूरने तर माजिवड्याच्या ऑफिसातून फोन करकरून सांगितलं होतं. सांगणारे सगळे रात्रभर झोपून आलेले असायचे.

"हो आई," म्हणत ती खोलीत परतली. मोबाइलवर 'बाळ जास्त झोपते' असं टाकलं आणि जे वाचायला नको, नेमकं तेच वाचलं. ओवीच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. पण ती श्वासाची, की आपल्याच बोटाची?

"ओवी. ए ओवी."

हूं नाही की चूं नाही. संचिताने दुपटं सारलं आणि त्या इवल्याशा तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी जोरात मारली.

ओवीने तोंड वासलं, लालबुंद झाली आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा टाहो फोडला. चांगला खणखणीत. संचिताच्या छातीवरचा दगड उतरला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अजून अर्धा तास होता. अख्खा अर्धा तास!

शालनताई पदराला हात पुसत आल्या. "अगं, उठली कशी?"

"उठली आपली."

"परवा तेच, काल तेच." त्यांनी ओवीला खांद्यावर घेतलं. "बायजाच्या हाताला आता पहिल्यासारखा गुण नाही राहिला बघ. उद्यापासून नकोच ती. आत्ताच फोन करून सांगते." आणि एका हाताने त्या नंबर शोधायलाही लागल्या.

बायजा गेली की हा दीड तासही गेला.

"आई, थांबा." संचिताचा आवाज फाटला. "मी उठवली. कालही मीच, परवाही मीच. टिचकी मारून."

शालनताईंनी फोन खाली ठेवला. एवढी शिकलेली मुलगी आणि अशी कशी, हे आता ऐकायचं, म्हणून संचिता खाली मान घालून उभी राहिली.

"मी मयूरला चिमटा काढायचे," शालनताई म्हणाल्या. "मांडीला. एकदा लालभडक डाग उठला, तर ह्यांना सांगितलं, ढेकूण चावला. बिचाऱ्यांनी घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात घातल्या."

संचिताला हसू आलं नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

"मग थांबलं कधी हे?"

"काय?"

"सारखं जाऊन बघणं. सांगा ना आई. तीन महिने? सहा?" तिला फक्त एक आकडा हवा होता. आकडा मिळाला की तिथवर कसंबसं रेटता आलं असतं.

शालनताई ओवीला थोपटत खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

"गेल्या आठवड्यात मयूरला ताप होता ना," त्या ओवीच्या टाळूशी बोलल्यासारख्या हळू म्हणाल्या. "तुम्ही झोपलात, तेव्हा मी दार लोटून बघून गेले."

त्या रात्री दार वाऱ्याने हललं असं वाटून संचिताने उठून आतून कडी घातली होती.